न ऐकलेला आवाज : फर्दिनां द सोस्यूर आणि 'पा' धातूची गोष्ट



आजचा पाठ 'पालक' या शब्दापासूनच सुरू करू या. पालक म्हणजे पाळणारा, सांभाळणारा. मूळ संस्कृत धातू 'पा', अर्थ रक्षण करणे. गोप, नृप, भूप या शब्दांच्या शेवटी जो 'प' आहे तो याच धातूचा. गोपाल, द्वारपाल, राज्यपाल, ग्रंथपाल हेही त्याच घरातले. आपलं रोजचं 'पाळणे' तिथलंच, आणि 'गोपाल' झिजत झिजत आपल्यापर्यंत 'गवळी' होऊन आला.

आता सकाळी दारात येणारी दुधाची पिशवी उचलून बघा. तिच्यावर 'पाश्चराइज्ड' असं छापलेलं असतं. हा शब्द लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून आला, हे तुम्ही मुलांना सांगतच असाल. पण 'पाश्चर' या आडनावाचा फ्रेंचमधला अर्थ मेंढपाळ असा आहे, हे सांगता का? त्याच्या मागे लॅटिन 'पास्तोर' आहे आणि त्याच्याही मागे तोच 'पा' आहे. म्हणजे दूध आणणारा गवळी आणि त्या पिशवीवरचा पाश्चर हे भाषेच्या नात्याने एकाच कुळातले!

या 'पा' धातूच्या शेवटी एकेकाळी आणखी एक आवाज होता. तो संस्कृतात उरला नाही, लॅटिनमध्ये नाही, ग्रीकमध्येही नाही. 1878 साली विद्वानांना माहीत असलेल्या एकाही नातलग भाषेत तो कुणाला सापडला नव्हता. तरीही एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, असा आवाज असलाच पाहिजे, हे कागदावर मांडून दाखवलं. त्याचं नाव फर्दिनां द सोस्यूर. आज त्याची गोष्ट.

घर आणि शाळा

फर्दिनांचा जन्म 26 नोव्हेंबर 1857 रोजी स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात झाला. घराणं शास्त्रज्ञांचं. पणजोबा ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हे निसर्गशास्त्रज्ञ. 1787 साली ते माँ ब्लाँ शिखरावर चढले होते. वडील ऑन्री कीटकांचे अभ्यासक. घरात निरीक्षण करायचं, टिपून ठेवायचं, वर्गवारी करायची, हे वातावरण होतं. मुलाचा ओढा मात्र शब्दांकडे.

आदॉल्फ पिक्ते नावाचे वृद्ध भाषाभ्यासक या कुटुंबाच्या ओळखीचे होते. भाषांच्या नात्यांवर त्यांचे ग्रंथ होते. शाळकरी फर्दिनांने एक निबंध लिहून त्यांच्याकडे पाठवला. जगातल्या सगळ्या भाषांचे शब्द मोजक्या मूळ धातूंपर्यंत नेता येतात, असं त्यात त्याने मांडलं होतं. कल्पना मोठी होती, पाया कच्चा होता. पिक्तेंनी त्याला दुखावलं नाही, पण असल्या सर्वव्यापी सिद्धांतांच्या मागे न लागता आधी भाषा नीट शिकण्याकडे वळवलं. फर्दिनां हिरमुसला असेल, पण थांबला नाही. लॅटिन, ग्रीक येत होतीच. शालेय वयातच तो संस्कृत व्याकरणाच्या पुस्तकाकडेही वळला.

'गम्'मधला 'म्' कुठे गेला?

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. आठवीच्या संस्कृतच्या तासाला मी फळ्यावर लिहिलं होतं: गम् – गत, हन् – हत, मन् – मत. एका मुलीने हात वर केला. 'म्' आणि 'न्' कुठे गेले, एवढंच तिला विचारायचं होतं. मी सांगितलं, नियमच आहे, पाठ कर. तिने पाठ केलं. पुन्हा काही विचारलं नाही.

सोस्यूरला साधारण त्याच वयात, म्हणजे सोळाच्या आसपास, हाच प्रश्न ग्रीकमध्ये पडला. वर्गात हिरोडोटसचा उतारा चालू होता. एका क्रियापदात जिथे 'न' यायला हवा तिथे 'अ' होता. त्याने स्वतःशी विचार केला. दोन व्यंजनांच्या कात्रीत सापडलेला 'न' स्वरासारखा वागत असेल आणि पुढे त्याचाच 'अ' झाला असेल, तर?

आपल्याला हे समजणं अवघड नाही, कारण आपल्याकडे 'ऋ' आहे. 'कृत'मधला 'ऋ' म्हणजे स्वराचं काम करणारा 'र'. तसेच स्वराचं काम करणारे 'न' आणि 'म' मूळ भाषेत होते. संस्कृत आणि ग्रीकमध्ये त्यांचा 'अ' झाला. लॅटिनमध्ये 'एन्', 'एम्' उरले. म्हणून आपली 'मती' आणि लॅटिन 'मेन्तिस', म्हणजे मनाचा, हे सख्खे शब्द. 'गम्'मधला 'म्' कुठेही गेलेला नाही. 'गत'च्या पहिल्या 'अ'मध्ये तोच बसलेला आहे.

मुलाने हे शोधलं आणि कुणाला सांगितलं नाही. एवढी साधी गोष्ट मोठ्या विद्वानांना ठाऊक असणारच, असं त्याला वाटलं.

लाइपझिगमधला धक्का

घरच्यांच्या परंपरेप्रमाणे 1875 मध्ये तो जिनिव्हा विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकायला लागला. वर्षभरात ते सोडून 1876 च्या शरद ऋतूत जर्मनीतल्या लाइपझिगला गेला. भाषांच्या तुलनात्मक अभ्यासाचं ते तेव्हाचं सर्वांत मोठं केंद्र. तिथे तो प्राध्यापक ह्यूब्शमान यांना भेटला तेव्हा गावभर एकच चर्चा होती. कार्ल ब्रुगमान या तरुण विद्वानाने नुकताच मोठा शोध प्रसिद्ध केला होता. स्वराचं काम करणारा 'न' आणि त्याचा 'अ'!

विचार करा, त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला काय वाटलं असेल. जे शाळेच्या बाकावर सुचलं, ते सांगायच्या लायकीचंच नाही असं समजून त्याने ठेवून दिलं होतं. आता ते दुसऱ्याच्या नावावर होतं, आणि यात ब्रुगमानचा काहीच दोष नव्हता. ही बोच सोस्यूरच्या मनात पुढे कित्येक वर्षं राहिली.

एकविसाव्या वर्षीचा ग्रंथ

या वेळी मात्र तो गप्प बसला नाही. डिसेंबर 1878 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने तीनशे पानांचा ग्रंथ छापला. मुखपृष्ठावर साल 1879 होतं. विषय होता इंडो-युरोपीय भाषांमधली स्वरांची आद्य व्यवस्था. संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन, रशियन, इंग्रजी या सगळ्या ज्या एका प्राचीन भाषेतून निघाल्या, त्या भाषेत स्वर कसे होते, हा प्रश्न. त्या भाषेचा एकही लेख शिल्लक नाही. मुलींवरून आई कशी असेल हे ठरवायचं, तसं हे काम.

त्याच्या विचाराची एक पायरी आपण फळ्यावर मांडून बघू. संस्कृतचे गण ज्यांनी शिकलेत त्यांना ही उदाहरणं ओळखीची आहेत.

सातव्या गणातला 'युज्' घ्या. त्याचं रूप युनक्ति. धातूच्या शेवटच्या व्यंजनाआधी 'न' घुसतो: यु – न – ज् – ति.

नवव्या गणातला 'पू', म्हणजे पवित्र करणे, घ्या. त्याचं रूप पुनाति. इथे धातूला 'ना' जोडला जातो, असं आपण शिकवतो.

सोस्यूरने विचारलं, हे दोन गण मुळात एकच असतील तर? समजा, 'पू' हा पूर्वी 'पु' आणि त्यापुढे एक अनोळखी आवाज असा होता. त्याला 'क्ष' म्हणू या, बीजगणितात म्हणतो तसा. मग 'युनक्ति'च्याच रीतीने पु – न – क्ष – ति असं रूप होईल. पुढे 'क्ष' लोपला आणि जाताना आधीचा स्वर लांबवून गेला. 'न'चा 'ना' झाला आणि पुनाति तयार! 'पू'मधला ऊ दीर्घ का, याचंही उत्तर तेच. 'उ'पुढचा 'क्ष' गेला आणि 'उ'चा 'ऊ' झाला.

पुढची गंमत आणखी मोठी आहे. 'युज्'चं तुमन्त रूप योक्तुम्, पण 'पू'चं पवितुम्. मधे 'इ' कुठून आला? आपल्या व्याकरणकारांनी अशा धातूंची नोंद करून ठेवलीच आहे. ज्यांना हा 'इ' लागतो ते सेट्, ज्यांना लागत नाही ते अनिट्. सोस्यूरच्या मांडणीत सेट् धातू म्हणजे ज्यांच्या शेवटी तो हरवलेला आवाज होता असे धातू, आणि 'इ' ही त्याची मागे उरलेली खूण. पाणिनीच्या परंपरेने हजारो वर्षं जी यादी काटेकोरपणे सांभाळली, ती नकळत एका नाहीशा झालेल्या आवाजाची यादी होती.

पंगतीत एका जागी पान मांडलेलं आहे, पेला उपडा पडलाय, शेजारचे थोडे सरकून बसलेत. जेवणारा दिसत नाही. तरी इथे कुणीतरी बसलं होतं, हे कळतं ना? तसंच हे.

दोन 'पा'

संस्कृतात 'पा' धातू दोन आहेत. एक रक्षण करणे, त्यातून पालक. दुसरा पिणे, त्यातून पेय, पान, आणि आपलं पाणी. उच्चार अगदी सारखा. पण लॅटिनमध्ये बघा: चारणे, पाळणे यासाठी 'पास्को', यात 'आ', आणि प्यालेला यासाठी 'पोतुस्', यात 'ओ'. संस्कृतात जुळे दिसणारे हे दोघे मुळात वेगळे होते.

सोस्यूरच्या मांडणीत हरवलेले आवाज दोन होते. एक शेजारच्या स्वराला 'आ'कडे नेणारा, दुसरा 'ओ'कडे नेणारा. दोघेही गेले, पण जाताना आपापला रंग लावून गेले. संस्कृतात पुढे आ, ए, ओ या रंगांतला फरकच पुसला गेला, म्हणून दोन्ही 'पा' सारखे झाले. आज भाषाशास्त्रज्ञ असे आवाज तीन मानतात. रक्षण करणाऱ्या 'पा'चं मूळ रूप ते 'पेह्' असं लिहितात, त्यातल्या 'ह्'च्या पायाशी बारीक 2 घालतात आणि आधी ताराचिन्ह लावतात. ताराचिन्हाचा अर्थ असा, की हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. तुलनेतून सिद्ध केलेलं आहे.

कौतुक कमी, शंका जास्त

ग्रंथाचं नाव झालं. लाइपझिगमधल्या एका प्राध्यापकांनी या विद्यार्थ्याला, त्या प्रसिद्ध ग्रंथकर्त्याचे तुम्ही नातेवाईक का, असं विचारलं होतं, अशी आख्यायिकाही सांगितली जाते. पण हरवलेल्या आवाजांची कल्पना जर्मनीतल्या बहुतेक विद्वानांना पटली नाही. ज्याचा पुरावा एकाही भाषेत नाही ते मानायचं कसं? आक्षेप रास्तच होता. डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या हर्मान म्योलर यांनी मात्र ती उचलून धरली आणि हे आवाज घशातून निघणारी व्यंजनं असावीत, असं सुचवलं.

1880 मध्ये सोस्यूरना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय आपल्या ओळखीचा, संस्कृतमधली सतः षष्ठी. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांनी शिकवायला सुरुवात केली आणि दहा वर्षं शिकवलं. आंत्वान मेये यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले भाषाशास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली तयार झाले. 1891 मध्ये ते जिनिव्हाला परतले आणि मूठभर विद्यार्थ्यांना संस्कृत आणि तुलनात्मक व्याकरण शिकवू लागले. लग्न झालं, मुलं झाली, पण लेखणी जवळजवळ थांबली. हयातीत त्यांची पुस्तकं दोनच: तो ग्रंथ आणि तो प्रबंध.

1907 ते 1911 या काळात त्यांनी भाषा म्हणजे काय, या विषयावर तीन व्याख्यानमाला दिल्या. 22 फेब्रुवारी 1913 रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचं निधन झालं. त्या व्याख्यानांची पुरेशी टिपणं त्यांच्या कागदपत्रांत मिळाली नाहीत. मग शार्ल बाली आणि आल्बेर सेशए या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा केल्या आणि 1916 मध्ये त्यांतून पुस्तक सिद्ध केलं. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया म्हणून जगभर शिकवलं जाणारं त्यांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक विद्यार्थ्यांच्या वह्यांतून आलं! वही नीट लिहा, असं आपण मुलांना सांगतो तेव्हा हे उदाहरण जरूर द्या.

मातीच्या विटा बोलल्या

आता पुन्हा त्या हरवलेल्या आवाजाकडे येऊ. 1906 मध्ये, म्हणजे सोस्यूर जिवंत असताना, आजच्या तुर्कस्तानातल्या बोगाझक्यॉय इथे उत्खनन सुरू झालं. हित्ती लोकांची प्राचीन राजधानी तिथे होती. मातीच्या हजारो लिखित विटा निघाल्या. लिपी ओळखीची, कीलाकार. पण त्यांतल्या कितीतरी विटांवरची भाषा कुणालाच कळेना. 1915 मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी या चेक विद्वानाने कोडं सोडवलं. ती हित्ती भाषा होती आणि ती संस्कृत-लॅटिनच्याच कुटुंबातली निघाली. पाण्याला तिच्यात 'वातर' म्हणत. इंग्रजी 'वॉटर' आठवा.

मग 1927 मध्ये येझी कुरिवोविच या पोलिश भाषाशास्त्रज्ञाने एक गोष्ट दाखवून दिली. सोस्यूरच्या मांडणीप्रमाणे जिथे हरवलेला आवाज असायला हवा, तिथे हित्तीमध्ये कितीतरी शब्दांत खरोखरच एक घशातला 'ह' किंवा 'ख'सारखा आवाज लिहिलेला आहे. संस्कृतात 'पा', लॅटिनमध्ये 'पास्को', आणि हित्तीमध्ये रक्षण करणे यासाठी 'पह्श्'. मधला तो 'ह्' सुमारे साडेतीन हजार वर्षं मातीत पडून होता.

ग्रंथ छापून तेव्हा एकोणपन्नास वर्षं झाली होती आणि सोस्यूरना जाऊन चौदा. उत्तर त्यांच्या हयातीतच जमिनीतून वर आलं होतं. वाचणारं कुणी नव्हतं.

'पा'चं कुटुंब, फळ्यावर लिहिण्यासाठी

- संस्कृत-मराठी : पाति, गोप, नृप, गोपाल, पालक, पाळणे, गवळी.
- फारसी : राखणारा या अर्थाचा 'बान'. दरबान, मेहेरबान आणि आपला बागवान यातलेच.
- प्राचीन पर्शियन : राज्य राखणारा तो क्षत्रप. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाच्या काळचे शिलालेख आहेत. सहल नेलीत तर हा शब्द मुलांना तिथेच सांगा.
- लॅटिन आणि तिच्या लेकी : पास्तोर, फ्रेंच पाश्चर. इंग्रजीने तिथून घेतलेले पास्टर आणि कुरण या अर्थाचा पाश्चर.
- रशियन : गुराखी या अर्थाचा पास्तुख.
- इंग्रजीचे स्वतःचे शब्द : या शाखेत 'प'चा 'फ' झाला. पितृ-फादर, पद-फूट यांच्यासारखाच. म्हणून फूड, फीड, आणि दुसऱ्याचं मूल वाढवणे या अर्थाचा फॉस्टर.
- हित्ती : पह्श्.

एक सावधगिरी. 'पाद्री' हा शब्द सारखा वाटतो, पण तो पोर्तुगीज 'पाद्रे'वरून, म्हणजे वडील या शब्दावरून आलाय. त्याला या यादीत बसवू नका. नुसता आवाज जुळला म्हणून नातं ठरत नाही. बदल नियमाने झालेला दाखवता यायला हवा. हरवलेल्या आवाजाची कल्पना टिकली ती याच शिस्तीमुळे.

जाता जाता

माझ्या वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न सोस्यूरच्या प्रश्नापेक्षा लहान नव्हता. 'म्' कुठे गेला, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि तेवढंच मी तिला सांगायला हवं होतं. शिवाय, तुला काय वाटतं ते वहीत लिहून आण, असंही म्हणायला हवं होतं. सोळा वर्षांच्या मुलाने, मोठ्यांना ठाऊक असणारच, असं मानून स्वतःचा शोध गिळून टाकला. आपल्या वर्गात आणि घरात असं किती मुलं करत असतील?

म्हणून पालकहो, शिक्षक बंधुभगिनींनो, एवढं करून बघा. मुलांच्या वहीचं शेवटचं पान प्रश्नांसाठी मोकळं ठेवा. ज्याचं उत्तर आज आपल्याकडे नाही तो प्रश्न तारीख घालून तिथे लिहू द्या, आणि त्यापुढे मुलाचा स्वतःचा अंदाजही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या आठवड्यात मिळेल, एखाद्याचं फार उशिरा. तोवर तो प्रश्न पाळायचं काम आपलं.